मधल्या पानावरचं मत

कादंबरी वाचून संपली की आपण तिच्याबद्दल जे बोलतो, ते बरंचसं आवरून-सावरून बोललेलं असतं. शेवट माहीत असतो, कुणीतरी लिहिलेली प्रस्तावना डोक्यात असते, आणि चार जण काय म्हणतात याचाही अंदाज असतो. पण दीडशेव्या पानावर, शेवट माहीत नसताना, आपल्याला काय वाटत होतं? कुणाचा राग आला होता, कुणाची काळजी वाटत होती, कुठे चक्क कंटाळा आला होता? महिन्याभरानं विचारलं तर सांगता येत नाही. शेवट कळला की मधलं मत आपोआप पुसलं जातं. ते पुसलं जाऊ नये म्हणून कादंबरी वाचताना शेजारी एक वही ठेवायची. आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे, पण तो मला जरा लांब घेऊन गेला.

निमित्त माझी भाची. तिने एम.ए. मराठीला नाव घातलंय आणि अभ्यासाला आमच्याकडे सिंदी मेघेला राहते आहे. (नातेवाईकांसाठी पुन्हा एकदा: सिंदी रेल्वे नव्हे! ती नागपूरच्या वाटेवर, सेलू तालुक्यात. आमची सिंदी वर्ध्याला लागून, सावंगी, बोरगाव, पिपरी या बाकीच्या 'मेघे' मंडळींच्या रांगेतली. दर दिवाळीला कुणीतरी चुकून तिकडे उतरायचं बोलतंच.) तर तिने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' वाचायला घेतली. सोबत बाजारातलं एक गाईडही आणलं होतं. त्यात कथानक, पात्रं, भाषाशैली, सामाजिक आशय, सगळं कसं कप्प्याकप्प्यांत. ते वाचल्यावर कादंबरी वाचायची गरजच उरू नये अशी सोय. मी म्हटलं, गाईड कपाटावर ठेव, आधी दोनशे पानी वही आण. एक तुला, एक मला.

वहीची पद्धत साधी आहे. डाव्या पानावर कादंबरीतलं काय नोंदवावंसं वाटलं ते, प्रकरणाच्या आकड्यासह. उजव्या पानावर त्यावरचं आपलं. आपलं म्हणजे काहीही चालेल: प्रश्न, शंका, अंदाज, न कळलेला शब्द, न पटलेली गोष्ट, एखादी आठवण. वर तारीख. नियम दोनच. पुढचं प्रकरण उघडण्याआधी लिहायचं, आणि मागचं खोडायचं नाही. मत बदललं तर नव्या तारखेखाली नवं मत लिहायचं, जुनं तिथेच राहू द्यायचं.

भाचीचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "मावशी, याचे मार्क मिळतात का?" म्हटलं, वहीचे नाही मिळत. पण पेपरात 'तुमचे मत लिहा' असं आलं तर निदान मत तरी असेल!

ही पद्धत काही मी शोधलेली नाही. वाचलेल्या पुस्तकातले उतारे वहीत उतरवून घ्यायची रीत युरोपात फार जुनी. जॉन लॉक या तत्त्वज्ञानं तर अशा वहीची अनुक्रमणिका कशी ठेवावी यावरच सतराव्या शतकात लिहून ठेवलंय. पण त्या वह्या उताऱ्यांच्या. वाचणाऱ्याला काय वाटलं याला अभ्यासात जागा मिळायला विसावं शतक यावं लागलं. १९३८ साली अमेरिकेत लुईझ रोझेनब्लॅट या प्राध्यापिकेनं 'लिटरेचर अ‍ॅज एक्स्प्लोरेशन' नावाचं पुस्तक लिहिलं. वाचणारा आणि पुस्तक यांच्या देवघेवीत अर्थ तयार होतो, म्हणून विद्यार्थ्याला आधी स्वतःचा प्रतिसाद ओळखता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढे अ‍ॅन बर्थॉफ यांनी समोरासमोरच्या दोन पानांची दुहेरी वही लेखनाच्या वर्गात रुळवली. आमची वही त्याच घराण्यातली.

मधल्या पानावरच्या मताचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण व्हर्जिनिया वूल्फचं आहे. १९२२ च्या ऑगस्टमध्ये तिने आपल्या रोजनिशीत जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'बद्दल लिहिलं, तेव्हा तिची जेमतेम दोनशे पानं वाचून झाली होती. सुरुवातीची काही प्रकरणं आवडली, पुढे कंटाळा आला, चीडही आली, हे तिने लपवलं नाही. सप्टेंबरात पुस्तक संपलं तेव्हाही मत फारसं बरं नव्हतं. मग लगेच एक चांगलं परीक्षण तिच्या हाती पडलं आणि काही प्रकरणं पुन्हा वाचायला हवीत असं तिला वाटलं. तिन्ही नोंदी जशाच्या तशा आहेत. एक मोठी लेखिका दुसऱ्या मोठ्या लेखकाशी झटापट करते आहे हे आज आपल्याला दिसतं, ते तिने मागचं खोडलं नाही म्हणून.

मग मी विचार करू लागले, की आपल्याकडे काय? मराठी कादंबरीचा इतिहास आपण शिकलो तो लेखकांचा आणि सालांचा. १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ साली रिसबुडांची 'मंजुघोषा', वगैरे. टीकेचाही इतिहास आहे. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहून त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा समाचार घेतला. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात मराठी कादंबरी जगाच्या मानानं कुठे आहे ते मोजून दाखवलं. हे सगळं मोलाचंच. पण हे जाणकारांचं, आणि पुस्तक मिटल्यानंतरचं. माजघरात, दुपारची झाकपाक झाल्यावर, उंबऱ्याशी बसून ज्या बायका या कादंबऱ्या वाचत किंवा ऐकत होत्या, त्यांना चौथ्या प्रकरणावर काय वाटलं?

त्यांच्यातली एक बाई मात्र ठळक दिसते. काशीबाई कानिटकर. जन्म १८६१, मृत्यू १९४८. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्न लहानपणीच झालेलं. नवरा गोविंद वासुदेव कानिटकर, शिकलेला, स्वतः कवी; स्त्रियांच्या पराधीनतेवरचं मिलचं पुस्तक मराठीत आणणारा. आपल्या नवऱ्याला शिकलेली बायको हवी आहे हे कळल्यावर या मुलीनं अक्षरं गिरवायला घेतली. घरात बायकांनी वाचणं म्हणजे थट्टेचा आणि टोमण्यांचा विषय असण्याचा तो काळ. तिथून निघालेल्या काशीबाईंनी १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, 'रंगराव' आणि 'पालखीचा गोंडा' या कादंबऱ्या लिहिल्या, आणि आत्मचरित्रही लिहून ठेवलं. सरोजिनी वैद्यांनी ते संपादित केल्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं.

हरिभाऊ आपटे हे कानिटकर पतिपत्नींचे स्नेही. काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान, जन्म १८६४ चा. दोघांमध्ये पत्रव्यवहार होता, लेखनाविषयी बोलणं होतं, आणि हरिभाऊंनी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं प्रसिद्धही झाली. एक तरुण कादंबरीकार आणि घरीच शिकलेली एक वाचक एकमेकांशी साहित्यावर बरोबरीनं बोलतात, ही त्या काळच्या पुण्यात केवढी मोठी गोष्ट! 'पण लक्षात कोण घेतो!' ही यमूनं स्वतः सांगितलेली हकीकत आहे. बाईच्या तोंडून, बाईच्या बोलीत, माजघरातल्या बारीकसारीक तपशिलांसह. हा आवाज पुरुषाला कसा साधला याचं उत्तर देताना अभ्यासक काशीबाईंचं नाव घेतात. मला त्यात एवढं दिसतं, की एका वाचणारीनं आपलं म्हणणं मनात न ठेवता कागदावर मांडलं, आणि लिहिणाऱ्याला ते ऐकावंसं वाटलं.

आता त्या कादंबरीच्या पहिल्या वाचकांचा विचार करा. आपल्यासारखं अख्खं पुस्तक त्यांच्या हातात नव्हतं. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुस्तक झालं १८९३ मध्ये. म्हणजे यमूचं पुढे काय होणार हे कळायला लोकांना थांबावं लागत होतं. अख्खा पुणेरी वाचकवर्ग मधल्या पानावर!

आणि बाहेर काय चाललं होतं? त्याच १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन आपण करणार नाही असा ठराव केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंड्यांचा पुढाकार होता. त्याच हिवाळ्यात संमतिवयाच्या बिलावरून पुणं दुभंगलं होतं. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा तो कायदा १९ मार्च १८९१ ला मंजूर झाला. म्हणजे यमूची गोष्ट आठवड्या-आठवड्यानं वाचणाऱ्या माणसाला कादंबरीचाही शेवट माहीत नव्हता आणि कायद्याचाही. त्या आठवड्यात कुणी वाचकानं एखादी वही लिहिली असती, बिलाच्या बाजूनं किंवा विरोधात, यमूची कीव करत किंवा तिला नावं ठेवत, तर आज आपण ती डोक्यावर घेऊन नाचलो असतो. कायद्याची कागदपत्रं आहेत, सभांचे वृत्तांत आहेत, अग्रलेख आहेत. घरातल्या माणसाचं मन कसं इकडून तिकडे सरकलं, ते मात्र अशा वहीतच सापडलं असतं.

आमच्या वह्यांत काय होतं ते थोडं सांगते. भाचीच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी बहुतेक शब्दांच्या. 'मामंजी म्हणजे नेमकं कोण?' 'आलवण?' एका ठिकाणी नुसतं, 'किती माणसं आहेत या घरात!' मग हळूहळू सूर बदलला. शंकरमामंजींवर तिने तीन दिवस ओळीनं चिडून लिहिलंय. चौथ्या दिवशी खाली, 'असा एक माणूस प्रत्येक लग्नात भेटतो.' दुर्गीबद्दल, 'यमूपेक्षा हिचीच जास्त काळजी वाटते, कारण हिचं ऐकणारंच कुणी नाही.' आणि एका तारखेला, 'रघुनाथराव चांगला आहे म्हणून यमूचं बरं चाललंय. म्हणजे चांगला नवरा मिळणं हे नशीबच, हक्क नाही.' हे वाक्य कुठल्याही गाईडात नाही. हरिभाऊंनीही ते असं सांगितलेलं नाही. बावीस वर्षांच्या मुलीनं एका बुधवारी ते स्वतः शोधलं. यमूवर वैधव्य यायचं होतं तेव्हा अजून. पुढचं वाचल्यावर तेच वाक्य तिला फार वेगळ्या वजनानं दिसलं असणार. तिने मागे जाऊन त्याखाली रेघही ओढली नाही. नियम म्हणजे नियम.

माझ्या वहीत मात्र यमूपेक्षा आमची आत्याआजीच जास्त आली. घरच्यांपैकी मोठ्यांना ती आठवत असेल. माझ्या आजोबांची बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन आर्वीच्या घरी परत आलेली, ती १९७९ साली गेली तोवर तिथेच. आम्ही पाहिली ती डोक्यावरून पदर घेतलेली, सोवळ्यातली, हातानं सतत काहीतरी निवडणारी. तिच्याकडे पाहून 'यमू' असं कधी मनात आलंच नव्हतं. ती आत्याआजीच होती, असायचीच तशी.

वहीत हे लिहिलं आणि मग आईला विचारलं. आई आता शहाऐंशीची आहे. तिनं सांगितलं ते असं. आई लग्न होऊन आर्वीला आली तेव्हा आत्याबाईंना मोतीबिंदूमुळे पोथी दिसेनाशी झाली होती. दुपारी आई त्यांना वाचून दाखवायची. आधी पोथ्या, मग वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या. त्यात एकदा ही आली. यमूच्या केशवपनाचा भाग आला तेव्हा आईनं दोन पानं एकदम उलटली. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं. "गाळू नकोस गं सूनबाई. वाच." आईनं वाचलं. मग त्यांनी तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर विचारलं, "हे लिहिणारा पुरुष आहे का गं?" आई हो म्हणाली. त्यावर आत्याबाई काहीतरी बोलल्या.

काय बोलल्या, ते आईला आठवत नाही.

आईनं खूप आठवून पाहिलं. त्या दिवशी ताटलीत हरभऱ्याची डाळ होती हे आठवतं, बाहेर कुणीतरी कडी वाजवल्याचं आठवतं. तेवढं एक वाक्य नाही. तिला वाईट वाटलं, म्हणून मीच विषय बदलला.

पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. ज्या गोष्टीवर कायदे झाले, ठराव झाले, अग्रलेख झाले, मराठीतली एक थोर कादंबरी झाली, ती गोष्ट ज्या बाईच्या डोक्यावरून वस्तऱ्यानं गेली होती, तिने ती कादंबरी ऐकली आणि त्यावर मत दिलं. हरिभाऊंना अर्धशतकानंतर मिळालेला तो एक अभिप्राय होता, आणि माझ्या दृष्टीनं राजवाड्यांच्या निबंधाइतक्याच योग्यतेचा. तो आर्वीच्या माजघरात हवेत विरला, कारण शेजारी वही नव्हती. असावी असं कुणाला वाटण्याचं कारणही नव्हतं.

गंमत म्हणजे आमच्या वर्ध्याच्या मातीत वही ठेवण्याची शिकवण चांगली मुरलेली आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावला राहायला आले; तेच पुढे सेवाग्राम झालं. आश्रमीयांनी रोजनिशी ठेवावी याबद्दल ते फार काटेकोर होते. १९३० च्या दांडीयात्रेत चालणाऱ्यांनाही रोजनिशी लिहायला लावली होती. महादेवभाई देसायांच्या डायऱ्या तर जगाला ठाऊक आहेत. खुद्द गांधीजींनी १९२२ ते १९२४ या काळात येरवड्याच्या तुरुंगात वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवली होती, आणि सुटल्यावर त्या वाचनावर लिहिलंही. गीता-उपनिषदांच्या सोबतीला त्यात गटे आहे, किपलिंग आहे, चक्क जूल व्हर्नही आहे! पण ती तुरुंगातली नोंद मुख्यतः काय वाचलं याची. आमच्या वहीचं उजवं पान तिथे जवळजवळ कोरं. शिस्त म्हणून लिहिलेली रोजनिशी आणि स्वतःशी बोलत लिहिलेली वाचनवही यांत हा फरक राहतोच. दोन्हींची जागा वेगळी.

उजवं पान भरभरून लिहिलेलं पाहायचं तर जी. ए. कुलकर्ण्यांची पत्रं काढावीत. धारवाडात बसून हा माणूस काय काय वाचत होता आणि त्यावर किती मोकळेपणानं लिहीत होता! सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा खंड १९९५ साली आला, आणि सुनीताबाईंची बाजू 'प्रिय जी. ए.' या नावानं २००३ मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की समोरासमोरच्या दोन पानांची वहीच वाटते. वाचलेलं कुणाला तरी सांगायचं आहे म्हणून माणूस नीट वाचतो, हे त्यात दिसतं. काशीबाईंना हरिभाऊ होते, जी.एं.ना सुनीताबाई. आत्याआजीला सूनबाई होती, पण दोघींना ते लिहून ठेवण्यासारखं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. परीक्षेसाठी कादंबरी वाचणाऱ्या मुलांना वही द्यावी, पण परीक्षा नसलेल्यांनाही द्यावी. साक्षेपी, समतोल मत लिहिण्याची घाई नको. 'कंटाळा आला', 'हिचं पटलं नाही', 'आमच्या काकांसारखा आहे', असंच लिहावं. तारीख मात्र घालावी. शंभर वर्षांनी कुणाला या काळातली माणसं काय विचार करत होती हे पाहायचं असेल, तर त्याला भाषणं नि अग्रलेख रग्गड मिळतील. एका बुधवारी एका मुलीला चांगल्या नवऱ्याबद्दल काय सुचलं, ते मिळणं अवघड.

भाचीची वही एकशे बारा पानांवर आली आहे. कादंबरी संपली तेव्हा तिने शेवटची नोंद अगदी लहान केली, ती इथे सांगत नाही. ती तिची आहे. त्यानंतर तिने एक गोष्ट आपणहून केली. वही घेऊन आजीपाशी गेली, आत्याबाईंचं सगळं पुन्हा विचारून घेतलं, आणि डाव्या पानावर आईच्या शब्दांत लिहून काढलं: पानं उलटली ते, "गाळू नकोस" ते, "पुरुष आहे का गं" ते, डाळीची ताटली, कडीचा आवाज. वर तारीख. उजवं पान तिने रिकामं ठेवलंय. आर्वीच्या बाजूच्या कुणी तेव्हा त्या माजघरात असेल आणि काही कानावर पडलेलं आठवत असेल, तर जरूर कळवा. अर्धं वाक्य असलं तरी चालेल.